बैलगाडीसाठी बांधलेले घाट, सायकलसाठी उरलेली वाट

सायकल घेऊन घाटात जायचं म्हटलं की घरातले आधी गुडघ्यांची काळजी करतात. ती काळजी अगदीच अनाठायी नाही. पण भोर, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर, महाड आणि वरंध घाटाने पुन्हा भोर, अशी जी दोनशे किलोमीटरहून थोडी जास्त भरणारी फेरी आहे, तिच्यातले बहुतेक चढ दुरून दिसतात तेवढे निर्दयी नाहीत. इथल्या मुख्य घाटरस्त्यांची आखणी मोटारी येण्याच्या आधीची आहे. ओझं लादलेली बैलगाडी न अडखळता वर जावी, हा त्यांचा मूळ हिशेब. बैल आणि सायकलस्वार यांची ताकद वेगळी असली, तरी दोघांची अडचण एकच: चढ एका मर्यादेपलीकडे उभा झाला की दोघेही थांबतात.

या फेरीची खरी गंमत संथ वेगात आहे. मोटारीतून पसरणी घाट वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि लक्षात राहतात ती फक्त वळणं. सायकलवर तोच घाट दीड तास घेतो. त्या दीड तासात कळतं की खालची वाई श्रीमंत का झाली, डोंगरापलीकडची जावळी शतकानुशतकं कुणाला दाद का देत नव्हती आणि अफझलखानाला वाईतच थांबायचं का होतं. पुस्तकात वाचलेली मोहीम मांड्यांना जाणवू लागते.

चढाचं गणित

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला. पश्चिमेकडे हे थर एकदम तुटतात, म्हणून कोकणाच्या बाजूला कडे. पूर्वेकडे ते हळूहळू उतरतात, म्हणून देशाकडे लांबट डोंगरसोंडा आणि त्यांच्यामधली खोरी. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर याच पाषाणाची झीज होऊन जांभ्याचा थर तयार झालाय. पाचगणीचं टेबललँड म्हणजे त्याच जांभ्याचं सपाट झाकण.

या कड्यांतून पूर्वी ज्या वाटा होत्या त्या पायी माणसाच्या आणि पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या. तांड्यातला बैल उभ्या वाटेनेही चढतो, पण गाडीला जुंपलेला बैल चढत नाही. इंग्रजांनी घाट बांधायला घेतले तेव्हा त्यांना गाड्या चढवायच्या होत्या. १८३० साली बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवणारेही हेच माल्कम. तिथल्या पेठेचं जुनं नाव माल्कमपेठ. गाडीरस्ता बांधताना वीस पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपासचा चढ सोयीचा पडतो. आजचे अभियंतेही डोंगरी रस्त्याचा नेहमीचा चढ पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच धरतात. चढ कमी ठेवायचा तर लांबी वाढवावी लागते, आणि म्हणूनच घाटात एवढी वळणं असतात.

पसरणी घाटावर हे गणित करून बघता येतं. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १२९० मीटरवर. मधलं अंतर अकरा-बारा किलोमीटर. म्हणजे सरासरी पाच टक्के. स्वार, सायकल, पाणी, सामान सगळं धरून वजन ८५ किलो मानलं आणि ताशी ८ किलोमीटरने चढायचं ठरवलं, तर पायांना सतत साधारण ११० वॉट शक्ती द्यावी लागते. जुन्या शंभराच्या पिवळ्या दिव्यापेक्षा किंचित जास्त. रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला हे जमण्यासारखं आहे. शरीर खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची घामावाटे आणि उष्णतेत जाते. म्हणून या एका घाटाला पाचशेच्या वर कॅलरी लागतात. शेंगदाण्यांच्या हिशेबात सांगायचं तर शंभर ग्रॅमच्या आसपास. खिशात गूळ-शेंगदाणे असले की महागड्या एनर्जी जेलची गरज पडत नाही.

आता गिअर. पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्रही ३४ दात्यांचं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं आणि सायकल दोन मीटरहून किंचित जास्त पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले की वेग होतो ताशी साडेसात किलोमीटर. घाटात एवढाच वेग हवा. याहून जड गिअरवर पाय रेटत बसलं की गुडघे बोलू लागतात. तेव्हा घरच्यांच्या काळजीवरचं उत्तर औषधात नाही, मागच्या चाकावरच्या मोठ्या दातेरी चक्रात आहे.

भोर ते वाई: मावळातून कृष्णाकाठी

पुणे ते भोर हे पन्नास-बावन्न किलोमीटर बरेचसे महामार्गाने जातात, त्यात सायकलस्वाराला मिळण्यासारखं फार काही नाही. सायकल गाडीवर टाकून भोर गाठावं आणि तिथून सुरुवात करावी. भोर हे पूर्वी पंतसचिवांचं संस्थान होतं. नीरेच्या काठी त्यांचा राजवाडा आहे. हा सगळा मुलूख रोहिडखोरं आणि हिरडस मावळ. प्रत्येक नदीचं एक खोरं, प्रत्येक खोऱ्याला एक देशमुख, अशी इथली व्यवस्था होती. दक्षिणेला रोहिडा किल्ला दिसत राहतो. त्याच्या पलीकडे रायरेश्वराचं पठार आहे. शिवरायांनी तिथे सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. कान्होजी जेध्यांचं कारी हे गाव याच बाजूला. जेधे आणि बांदल ही नावं लक्षात ठेवावीत, घाटाच्या पलीकडे ती पुन्हा भेटतात.

भोरहून आंबवड्याला पोचलं की संस्थानी काळातला झुलता पूल लागतो आणि जवळच नागेश्वराचं जुनं देऊळ. इथेच शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मोगलांकडून किल्ले परत घेणारा हा माणूस. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंना दिलेला शब्द पाळायचा की शाहूंकडे जायचं, या पेचात त्यांनी आयुष्य संपवलं, असं सांगतात. मावळातल्या एका शांत ओढ्याकाठी मराठेशाहीतल्या यादवीची ही खूण आहे.

आंबवड्यापुढे मांढरदेवीचा घाट चालू होतो. रस्ता अरुंद आणि चढ दमवणारा, पण गर्दी तुरळक. अपवाद पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेचा. त्या दिवसांत इकडे सायकल आणूच नये. माथ्यावरून समोर कृष्णेचं खोरं उघडतं आणि मग वाईपर्यंत उतारच उतार. पायथ्याकडे, वाईजवळच्या लोहारे गावाच्या हद्दीत बौद्ध लेणी आहेत. फेरीच्या दुसऱ्या टोकाला महाडजवळ गांधारपाल्याची लेणी लागतात. घाटाच्या दोन्ही पायथ्यांना लेणी असणं हा योगायोग नव्हे. कोकणातल्या खाड्यांवर उतरणारा माल देशावर ज्या वाटांनी चढायचा, त्यांच्या आसपास व्यापाऱ्यांच्या दानावर भिक्षूंचे विहार उभे राहत.

वाईत एक मुक्काम करायलाच हवा. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूने वळसा घालून बघावं. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. नदीच्या पात्रात देऊळ बांधायचं आणि नदीशी भांडायचं नाही, असा तो विचार आहे. हेच गाव तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. धर्मकोशाचं आणि मराठी विश्वकोशाचं काम इथूनच झालं.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. रस्ता सपाट, दोन्हीकडे ऊस आणि हळद. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा इथे आहे. वाड्यामागच्या घाटावर एका छोट्या देवळीत टांगलेली मोठी घंटा आवर्जून निरखावी. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल उठावात आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या आणि देवळांतून वाजू लागल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. मेणवलीची घंटा मात्र हाताच्या अंतरावर आहे, धातूवरची अक्षरं बोटांनी चाचपता येतात. पुढे धोम गावात नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ, कासवावर बसवलेला नंदी आणि त्यामागे धरणाचं पाणी. ज्यांना घाट नको असेल त्यांनी वाई-मेणवली-धोम एवढंच करावं, सकाळ सार्थकी लागते.

पसरणी चढून महाबळेश्वर

पसरणी गाव शाहीर साबळ्यांचं. गाव सुटलं की वळणं सुरू होतात. पहाटे सहाला निघालं तर ऊन अंगावर यायच्या आत बराचसा घाट होतो आणि पर्यटकांच्या गाड्याही चुकतात. उसाच्या हंगामात वाईच्या आसपास ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्ता व्यापतात. त्यांना ओलांडायच्या फंदात पडू नये. ट्रॉलीचा मागचा भाग वळणावर आत ओढला जातो आणि सायकल कठड्याला दाबली जाते. उजवीकडे खाली धोमचं पाणी आणि समोर पांडवगड दिसत राहतो.

पाचगणी ते महाबळेश्वर हे अठरा-एकोणीस किलोमीटर या फेरीतले सर्वांत गजबजलेले. शनिवार-रविवारी इथे वाहनांची रांग लागते. तेव्हा हा टप्पा आठवड्याच्या मधल्या वारी ठेवावा. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली सावित्री कड्यावरून थेट कोकणात उडी घेऊन अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. एकाच माथ्यावरून पाणी दोन समुद्रांकडे जातं. आपण चढून आलो ते कृष्णेच्या बाजूने, उद्या उतरायचं ते सावित्रीच्या.

जावळीचं खोरं

महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीस किलोमीटरचा आंबेनळी घाट हा या फेरीचा गाभा. मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावाने इंग्रज त्याला ओळखत. १८७० च्या दशकात तो गाड्यांसाठी तयार झाला. त्याच्या आधी देशावरून जावळीत उतरायचं म्हणजे रडतोंडीच्या घाटाने. दाट जंगल आणि उभी वाट.

जावळीचे मोरे या वाटांचे धनी होते. १६५६ मध्ये शिवरायांनी जावळी घेतली आणि लगेच पारघाटावर नजर ठेवणाऱ्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहू लागला. १६५९ मध्ये अफझलखान आला तो वाईला. वाईची सुभेदारी त्याने पूर्वी केलेली, मुलूख ओळखीचा, खोरं मोकळं, दाणावैरण भरपूर, घोडदळाला दौडायला मैदान. शिवरायांनी वाईला यावं, ही त्याची इच्छा साहजिक होती. शिवरायांनी त्याला जावळीत बोलावलं. लवाजम्यासह ते सैन्य ज्या चढउतारावरून आलं, तोच डोंगर सायकलवर दोन दिवस अनुभवला की या निमंत्रणातली मेख समजते. मैदानी फौजेचं बळ प्रत्येक वळणावर थोडं थोडं गळत गेलं असणार. १० नोव्हेंबर १६५९ ला गडाखाली भेट झाली, खान पडला आणि दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी पारच्या छावणीवर हल्ला चढवला. त्यांत जेधे-बांदलांचे लोक होते, म्हणजे आपण जिथून निघालो त्या रोहिडखोऱ्यातले आणि हिरडस मावळातले.

कुंभरोशीहून गडाकडे फाटा जातो. गड १०८० मीटर उंच आहे. सायकल खाली लावून पायीच वर जावं. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा बालेकिल्ल्यावर आहे. पण वेळ हाती असेल तर पार गावाला जाणं चुकवू नये. तिथे कोयनेवर शिवकाळातला मानला जाणारा दगडी पूल अजून वापरात आहे, आणि त्याच्यावरून सायकल नेता येते. रामवरदायिनीचं देऊळही गावातच आहे.

पोलादपूरपर्यंतचा उतार सोपा समजू नये. चढाला दम लागतो, उताराला लक्ष. ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापतात. रिम ब्रेक असतील तर चाकाची कड तापून ट्यूबही फुटू शकते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करावा, वळणात ब्रेक सोडावा, मग पुन्हा पुढच्या वळणाआधी दाबावा. मधे थांबून कड बोटाने चाचपावी. चटका बसला तर पाच मिनिटं थांबावं. दाट सावलीत रस्ता ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे सायकल सरळ ठेवावी. उंची उतरते तशी हवा तापते. महाबळेश्वर ते पोलादपूर या उतरणीत नुसत्या उंचीच्या फरकानेच तापमान आठ-नऊ अंशांनी वाढतं, त्यात कोकणचा दमटपणा. सकाळी अंगावर जाकीट आणि दुपारी घामाच्या धारा, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा अनुभव येतो.

सावित्रीकाठून वरंध

पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. पोलादपूर ते महाड अठरा किलोमीटर मुंबई-गोवा महामार्गाने जावं लागतं. रस्ता रुंद, पण वाहतूक जड; मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवून सरळ पुढे निघावं. महाड हे सावित्रीवरचं जुनं बंदर, घाटावर जाणाऱ्या मालाचं ठाणं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते चवदार तळं गावातच आहे. या फेरीत किल्ले, वाडे, देवळं बरीच येतात. पण माणसाच्या हक्कासाठी घडलेला इतिहास बघायचा तर या तळ्याच्या काठी थोडा वेळ बसायला हवं.

महाडहून बिरवाडीमार्गे वरंध घाट. भोरपर्यंत पाऊणशे किलोमीटर, आणि चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक. हा फेरीतला सर्वांत कठीण दिवस. पायथ्याकडून आत वळलं की शिवथरघळ लागते. समर्थांनी दासबोध इथे सांगितला, अशी श्रद्धा आहे. ही जागा १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. वरचा रस्ता कावळ्या किल्ल्याला चिरून जातो, म्हणजे किल्ल्याचा एक भाग डावीकडे, एक उजवीकडे. वाटेवर पहारा ठेवायला बांधलेल्या किल्ल्यातूनच पुढे गाडीरस्ता काढला गेला. माथ्याजवळ वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. गरम कांदाभजी आणि मिरची घेऊन कठड्यापाशी बसावं. माकडं शेजारी येऊन बसतातच, पिशवीची चेन बंद ठेवावी. इथून पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता भोरला उतरतो. या फेरीतला हा सर्वांत निवांत पट्टा.

केव्हा आणि कसं

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला आणि महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. पावसाळ्यात वरंध घाटही बंद ठेवतात. तेव्हा धबधब्यांचं आकर्षण कितीही असलं तरी पावसाळ्यात या दोन घाटांत सायकल नको. निघण्याआधी घाट चालू आहे का, हे स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा एसटी आगारात विचारून घ्यावं.

फेरीचे चार दिवस करावेत: भोर-वाई, वाई-महाबळेश्वर, महाबळेश्वर-महाड, महाड-भोर. तरबेज स्वार हे अंतर एका दिवसातही तोडतात. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या प्रकारात दोनशे किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. पण तसं केलं तर मेणवलीची घंटा आणि पारचा पूल दोन्ही बघायचे राहतात. सायकल फार भारी हवी असं नाही. हलका गिअर, चांगले ब्रेक आणि २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर एवढं पुरे. वरंधच्या खडबडीत पट्ट्यात अगदी बारीक टायर त्रास देतात. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, हेल्मेट आणि मागे-पुढे दिवे. घाटात पाण्याची खात्री नसते, म्हणून दोन बाटल्या भरूनच चढाला लागावं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. वाईला राहावं, एका सकाळी मेणवली-धोम करावं आणि दुसऱ्या सकाळी पसरणी चढून पाचगणीपर्यंत जाऊन परत यावं. पसरणी न उतरता, न ढकलता पूर्ण झाली, तर आंबेनळी आणि वरंध नक्की जमतील. मग पुढच्या हिवाळ्यात भोरहून निघा.